बसत्या मापाचा ओटा

"पाडायचा न्हाई म्हणजे न्हाई."

"पाडावा तर लागंलच, सर."

"अगं, काळा ग्रॅनाइट बसलाय वर! आरशासारखा चकाकतोय."

"चकाकू द्या की. गंगाक्का समोर बसली की तिला त्यात सोताची हनुवटी तेवढी दिसती. भाकरी कुठं थापायची? हनुवटीवर?"

"एखादं उंच स्टूल घेऊ दे तिला."

"उंच स्टुलावर चढायचं कोणत्या पायानं, ते बी सांगा."

इंजिनिअर केदारनाथ शेटे खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "शुक्रवारी वास्तुशांती हाय. कल्याणरावनं अर्धा तालुका बोलावलाय. आपणच बांधलेला ओटा आपणच फोडला, तर सोमवारच्या आत वडवणीपर्यंत बातमी जाईल. केदारनाथ बांधतो अन् पाडतो!"

"अन् शुक्रवारी दूध कोण उतू घालणार?"

"भावजय घालंल की तिची. एका दुधाचं काय घेऊन बसलीस?"

"घर कुणाचं हाय, सर? भावजयीचं?"

हे भांडण मला वर्षाराणीनं सांगितलं ते उभं राहून. सरांचा आवाज काढताना ती पोट पुढं काढायची आणि कमरेचा पट्टा वर ओढायची. स्वतःचा आवाज मात्र तिला काढावा लागत नाही, तो मुळातच वरच्या पट्टीत आहे.

परळीच्या मोंढ्यात, शेट्यांच्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानाच्या माडीवर, केदारनाथ सरांच्या ऑफिसात ती घरांचे नकाशे काढते. सकाळी आली की आधी कीबोर्डवर बसलेली वीज केंद्राची राख ओल्या फडक्यानं पुसते, मग दिवसभर त्यावर बोटं आपटते. मूळची घाटनांदूरची. वडील त्रिंबकराव स्टेशनबाहेर भजी तळायचे. पोरगी आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात गेली, तेव्हा गाड्यावर चौकशी झाली, "नकाशे काढती म्हणजे? कोणच्या देशाचे?"

वर्षाराणी तिथंच कांदा चिरत होती. म्हणाली, "आधी तुमच्या संडासाचा काढते. हाय का घरात?"

त्यानंतर चौकशी बंद झाली.

पुढं पाहुणे बघायला आले. मुलाचा मामा म्हणाला, "जरा चालून दाखव बाई." ही पाटावरून हललीच नाही. "आधी तुमचा भाचा चालू द्या. एकदा दारापर्यंत अन् परत." भाचा बिचारा आज्ञाधारक. दारापर्यंत चालला. परत मात्र आला नाही.

तिच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सगळं रामायण त्यातच आहे. नकाशातली खिडकी म्हणजे चार रेघा, असं आपल्याला वाटतं. कॉम्प्युटरला ती एक वस्तू वाटते. अशा वस्तूंचा साठा वेगळा ठेवलेला असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तिथून खिडकी उचलायची, भिंतीत बसवायची, रुंदी सांगितली की ती आपोआप रुंदावते. सॉफ्टवेअरबरोबर तयार लायब्ररी येते. तिच्यात तीन प्रकारचे पियानो होते. बर्फाच्या देशातल्या शेकोट्या होत्या. बुडून आंघोळ करायचे टब होते. खाली बसून भांडी घासायची मोरी मात्र एकही नव्हती.

"ह्यांच्या देशात भांडी घासत न्हाईत का, सर?"

"मशीन असती त्यांच्याकडं."

"मग मशीन सिरसाळ्यात आली की बघू," असं म्हणून तिनं पहिली मोरी स्वतःच तयार केली.

मग ती थांबलीच नाही. रांजणाचा कट्टा. इष्टलिंग तळहातावर घेऊन बसणाऱ्याला कोपर टेकता येईल अशी पूजेची बैठक. ऊसतोडीला जाणाऱ्यांची कोठी, अर्धं वर्ष घर बंद राहिलं तरी उंदीर शिरणार नाही अशी. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी घरात मांडी घालून, चहा पिऊन, टेप लावून मोजलेली. नावंही ज्याची त्याचीच: सारजाबाईची मोरी, हनुमानची कोठी, सरांच्या आईची, छबुबाईंची, देवळी.

सर कपाळाला हात लावायचे. "ही लायब्ररी हाय का ग्रामपंचायतीची मतदार यादी?"

"मतदार यादीत मेलेली बी असतात. माझी सगळी जिती हायेत."

गंगाक्का या यादीतली शेवटची. सिरसाळ्याची गंगासागर. लहानपणी पोलिओनं उजवा पाय बारीक राहिला, पण जीभ भरपूर वाढली. शाळेतल्या मास्तरांचे आणि बँकेतल्या बदलीवाल्यांचे डबे करते. त्या डब्यांवर तिनं भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांचं स्वतःचं घर काढलं. भाऊ कल्याणराव गावातलं मोठं प्रस्थ, पांढऱ्या कपड्यातला माणूस. तो चारचौघांत "आमच्या गंगीला घर बांधून दिलं" म्हणायचा. गंगाक्का ते ऐकून घ्यायची आणि त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ जरा हात सोडून टाकायची.

वर्षाराणी माप घ्यायला गेली, तेव्हा ती शिंप्याकडून आणलेल्या बुटक्या गोल स्टुलावर बसून भाकरी थापत होती. परात पाटावर, पाट विटांवर, चूल जमिनीवर. पाठ धनुष्यासारखी वाकलेली.

"ओट्याची उंची किती ठेवू, अक्का?"

"सगळ्यांची असती तेवढी ठेव."

"सगळ्यांचं जाऊ द्या. तुमची सांगा."

गंगाक्कानं भाकरी उलटली. "माझ्या मापाची चप्पल न्हाई मिळत, बाई. दोन पाय दोन मापाचे. एका बाईला दोन जोड घ्यावे लागतात, अन् दोन चपला कोपऱ्यात फेकाव्या लागतात. अन् तू माझ्या मापाचा ओटा करायला निघालीस?"

"हात पुढं करा."

"कावून?"

"भाकरी थापताना कोपर कुठं येतं, ते बघायचंय."

त्या दुपारी गंगाक्कानं हवेत भाकऱ्या थापल्या, हवेत वरण घोटलं, हवेतली कढई उतरवली, आणि वर्षाराणी टेप घेऊन तिच्याभोवती फिरत राहिली. त्यातून एक वस्तू तयार झाली: बुटका ओटा, खाली पूर्ण मोकळा, म्हणजे गुडघे आत जातील. शेगडीची जागा आणखी खोल, म्हणजे पातेल्याच्या आत नजर जाईल. कडेला भिंतीत लोखंडी दांडा, धरून उठायला. बसणाऱ्याच्या कोपराचं माप दिलं की ओटा तेवढा होणार. नाव ठेवलं, गंगाक्काचा ओटा.

निघताना गंगाक्का म्हणाली, "दूध मीच उतू घालणार बरं का नव्या घरात. लोकाच्या वास्तुशांतीला आजवर मला कोपऱ्यात बसवून प्रसाद दिलाय."

म्हणजे भांडण दुधाचं होतं ते हे.

आता चूक कशी झाली ती ऐका. अशी चूक परळीतच होऊ शकते.

संभाजीनगरच्या एका फर्मचं काम मिळणार म्हणून सरांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. नवी आवृत्ती आली की जुनी लायब्ररी तिच्यात हलवावी लागते. नकाशाच्या फाईलमध्ये वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो. बिऱ्हाड हललं आणि पत्ता जुनाच राहिला, तर कॉम्प्युटर एकेका वस्तूपाशी थांबतो आणि विचारतो: ही सापडत नाही, हिच्या जागी आमच्यातली जवळची बसवू का? तिथं 'नाही' म्हणायचं, आपली वस्तू कुठं आहे ते दाखवायचं, नव्या पद्धतीप्रमाणे तिला थोडं शिवून-टाचून घ्यायचं. वेळखाऊ काम. 'हो' म्हणायला मात्र काहीच लागत नाही, नुसतं एन्टर दाबायचं.

खंडेनवमीच्या सकाळी वर्षाराणीनं गंगाक्काच्या घराची फाईल नव्या आवृत्तीत उघडली. पहिला प्रश्न पडद्यावर येतोय, तोवर छबुबाई पूजेचं ताट घेऊन जिना चढून आल्या. शेट्यांच्या घरचा रिवाज कडक. दुकानातला तराजू, सरांचा टेप, माडीवरचा कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा. आणि एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांना एवढी तरी सुटी.

"ऊठ गं, हात काढ. खंडे पुजायचेत."

"काकू, थोडं थांबा. हे विचारतंय अजून."

"काय विचारतंय?"

"माझ्या वस्तू ठेवू का काढू, म्हणतंय."

"ठेव म्हणावं की! सणासुदीचं कुणी काढतं व्हय? ऊठ, मुहूर्त टळतोय."

वर्षाराणी उठली. छबुबाईंनी पडद्याच्या कपाळाला हळदी-कुंकू लावलं. झेंडूचा जाड हार वरून सोडला, तो पार खालपर्यंत आला. नारळ ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून तो कीबोर्डवर ठेवला, टेपचा टेकू देऊन. शेंडी वर. बूड एन्टरवर.

आरती झाली, प्रसाद झाला, वर्षाराणी घाटनांदूरच्या गाडीत बसली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आठवडाभर तिकडंच राहायचं होतं. इकडं हाराच्या आड कॉम्प्युटर विचारत राहिला, "तुमची मोरी काढून आमची बसवू?" नारळ म्हणाला, हो. "तुमची देवळी?" हो. "हा ओटा?" हो, हो, हो.

दसऱ्याला सकाळी सरांनी हार काढला. पडद्यावर 'काम पूर्ण' असं आलेलं. "बघ आई, देवानंच करून ठेवलं!" साडेतीन मुहूर्तांतला दिवस, नव्या आवृत्तीतला पहिला कागद आजच निघाला पाहिजे, म्हणून गंगाक्काच्या स्वयंपाकघराचा कागद काढला, झोकात सही केली आणि सिरसाळ्याला शहादेव मिस्त्रीकडं पाठवला. कागद दिसायला सुरेख होता. ओटा परदेशी मापाचा, उभ्या बाईचा, खाली कपाटंच कपाटं.

आठवड्यानं वर्षाराणी परतली, फाईल उघडली आणि तशीच फोनला झोंबली.

"मिस्त्री, ओटा झाला?"

"झाला की ताई! लई देखणा झालाय. कालच ग्रॅनाइट चढवला."

"गुडघे आत जातात का?"

"कुणाचे?" शहादेव म्हणाला.

तर त्यावरून ते सुरुवातीचं भांडण. सर हटेनात. वर्षाराणी त्यांच्यासमोरच कॉम्प्युटरपुढं बसली. जुन्या लायब्ररीतून गंगाक्काचा ओटा काढला, नव्या आवृत्तीत आणला, तुटलेले टाके घातले, स्वयंपाकघरात बसवला आणि नवा कागद छापून टेबलावर ठेवला.

"सही करा."

"मी न्हाई करणार. अन् ऐकून ठेव. त्या फर्मला सगळं काम कंपनीच्या लायब्ररीत लागतं. त्यांच्या फाईलीत सारजाबाईची मोरी निघाली तर हसतील आपल्याला. आज संध्याकाळी तुझी ती सगळी मतदार यादी मी पुसून टाकणार हाय."

"पुसा."

"पुसा म्हणजे? भांडणार न्हाईस?"

"तुमचा कॉम्प्युटर हाय, पुसा. वस्तू मी केल्यात. मी कुठं पुसली जाते?" तिनं सगळ्या वस्तू उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह काढून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला, पेन घेतलं आणि सरांच्या सहीच्या जागी ठसठशीत लिहिलं, वर्षाराणी.

"तुझ्या सहीला कोण विचारतंय गं?"

"शहादेव मिस्त्री विचारंल. त्याला कागद लागतो."

सिरसाळ्यात ती उतरली, तेव्हा मंडपवाले बांबू रोवत होते. स्वयंपाकघरात शहादेव मिस्त्री हातोडा मांडीवर घेऊन बसला होता. गंगाक्का बुटक्या स्टुलावर ओट्यासमोर बसलेली, खरंच हनुवटीपर्यंत.

"कागदाबिगर हात लावत न्हाई, ताई," मिस्त्री म्हणाला. तिनं कागद दिला. त्यानं तो वरून खाली पाहिला. "सरांची सही?"

"माझी हाय. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

"मग ठीक. कुणाचं तरी नाव पायजे. माझं नको."

तेवढ्यात कल्याणराव फोनवर बोलतच आत आले. हातोडा बघून फोन खाली. "काय चाललंय बे, शहादेव? कोण पाडतंय? परवा माणसं येणार हायेत!"

"ओटा चुकीचा झालाय, अण्णा," वर्षाराणी म्हणाली. "चूक आमच्या ऑफिसाची. मी काम अर्धं टाकून उठले. सरांनी न बघता कागद दिला. अन् मधल्या वेळात नारळानं सगळ्याला होकार दिला."

"नारळानं?"

तिनं सांगितलं. सगळं, हारासकट. कल्याणरावांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण स्टुलावरून एक खदखद आली. गंगाक्का हसत होती. हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. "आठ दिस मी म्हणतीय, ह्या पोरीनं एवढी मापं घेतली ती काय गंमत केली का माझी? कुणाला विचारायचं? अन् होकार दिला तो नारळानं!"

"गंगी, हसू नको," कल्याणराव म्हणाले. "लोकं काय म्हणतील? ओटा झ्याक दिसतोय. दूध तुझी भावजय घालंल. तू आपली पाटावर बसून बघ."

गंगाक्काचं हसू थांबलं. "दादा, उद्यापासून डबे बी भावजयच करणार का?"

"आता हे कुठून काढलंस?"

"सांग की. मास्तर येतील डबा मागायला. त्यांना काय सांगू? ओटा झ्याक हाय, भाकरी न्हाई?"

"अगं, पण पाडायचं म्हणजे..."

"माझं घर हाय, दादा. मी केलेल्या डब्यांचं." कल्याणराव कुणी ऐकलं का ते बघायला दाराकडं वळले. दारात मंडपवाला उभा होता. त्यानं ऐकलं होतं. "शहादेव," गंगाक्का म्हणाली, "ग्रॅनाइट जपून उचल. बाकी हाण."

शहादेवनं हाणला.

नवा ओटा उभा करायला जेमतेम वेळ उरला होता. वर्षाराणी सिरसाळ्यातच राहिली. विटा ओल्या असताना तिनं गंगाक्काला तीनदा समोर बसवलं, हवेत भाकरी थापायला लावली. मिस्त्री वैतागला, "ताई, पोटभर झाल्या भाकऱ्या, आता प्लास्टर करू द्या." फोन वाजायचा, पडद्यावर 'सर' दिसायचं, ती उचलायची नाही.

शुक्रवारी घर माणसांनी भरलं. केदारनाथ सरही आले. न येऊन सांगतात कुणाला, दारावरच्या पाटीवर इंजिनिअर म्हणून त्यांचंच नाव होतं. चेहरा लांब करून ते स्वयंपाकघराच्या दाराशी टेकले. गंगाक्का नव्या लुगड्यात स्टुलावर बसली, गुडघे ओट्याखाली सरकवले आणि शेगडी पेटवली. पातेल्यात दूध. बाया भोवती दाटल्या. दूध वर चढायला लागलं, तसं तिनं मान न ताणता आत पाहिलं. साय फुगली, कडेवरून पांढरी धार उतरली, शेगडीवर चुर्रकन झालं.

"गेलं गं उतू!" बायांनी गलका केला. भावजयीचा आवाज त्यात होता, जरा मागून.

गंगाक्कानं दांडा धरला आणि कुणाचा हात न घेता उभी राहिली.

मग जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. एक जाडजूड मावशी, दोन्ही गुडघे गेलेली, "बघू तरी," म्हणत त्या स्टुलावर बसली. पाय आत घातले. "अगं बया! हितं तर दिसभर बसता येतंय!" तिला उठवून दुसरी बसली. दुसरीला तिसरीनं ढकललं. "सुनेला सांगते, मला असला पायजे." "सून उभी राहून करंल, तू बसून कर." "हे कोण इंजिनिअर हो? घाटनांदूरला येतेत का?"

दाराशी टेकलेले सर सरळ उभे राहिले. पट्टा वर ओढला. "आमच्याच ऑफिसाचा हाय. केदारनाथ शेटे, परळी." मग ते गर्दीतून वाट काढत मोरीपाशी आले. तिथं वर्षाराणी चहाचा कप विसळत होती. आवाज अगदी खाली.

"वर्षाराणी."

ती कप विसळत राहिली.

"ते परवाचं... रागात माणूस बोलतो. मी त्या वस्तू पुसल्या खऱ्या. म्हणजे पुसायला नको होत्या. ह्या बायकांची मापं घ्यावी लागतील आता. तुझ्याकडं असंल ना तो ओटा? अन् बाकीच्या बी? सारजाबाईची ती... मोरी?"

तिनं कप पालथा घातला. हात ओढणीला पुसले. कमरेचं, पेनड्राइव्ह अडकवलेलं किल्ल्यांचं जुडगं वाजलं.

"हे बघ, त्या फर्मला मी समजावतो. नावं बी राहू दे. तुझं नाव बी टाकू खाली, बारीक अक्षरात. सोमवारी येशील ना? ए वर्षाराणी, काय म्हणतेस?"

तिनं ओट्यावरचा आपला टेप उचलला, पट्टी आत सोडली, घाटनांदूरच्या बाईला "मापं घ्यायला मीच येते" म्हणाली आणि बायांच्या मधून, मंडपाखालून, रस्त्याकडं चालती झाली.